आग तीच, पांघरूण जाड

१४ ऑक्टोबर

चिरंजीव बॉयलरवाल्यास,

आशीर्वाद आहेतच, ते काही भांडणानं आटत नाहीत.

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मधेच ड्यूटीची शिट्टी वाजते. तुमच्या त्या नव्या वीजकारखान्यात दिवसभर शिट्ट्याच वाजतात, की मी बोलायला लागले की तूच वाजवतोस? म्हणून पत्र. माझी शाळा तिसरीपर्यंतची, वेलांट्या चुकतील. तू बॉयलर चालवतोस, पेपर तपासत नाहीस. वाच गुमान.

आपली भिंगरी जाते आहे. पृथ्वीच्या बुडाशी नुसतं बर्फच आहे म्हणे, तिथल्या ठाण्यावर. दीड वर्ष. एकदा हिवाळा लागला की तिथं जहाज जात नाही, विमान उतरत नाही, कुणाच्या जिवावर बेतलं तरी परत येता येत नाही. वेधशाळेतून तिघांची निवड झाली, त्यात आपली. हे तिनं तुला कळवलं नसणार आणि तू विचारलं नसणार, कारण मार्चपासून तुम्हा बापलेकीची तोंडं शिवलेली आहेत. मी ती शिवण उसवायला लिहीत नाही. नुसती तारीख कळवते. दोन डिसेंबर.

त्या पेपरच्या भानगडीत मी तुझ्या बाजूनं होते, हे तुला कधी सांगितलं नाही. "या चिमण्या बंद व्हायला हव्यात" असं मोठ्या अक्षरात छापून आलं आणि खाली तिचं नाव, म्हणजे तुझंच आडनाव. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुला म्हणाले, "तुझ्या पोरीला सांग, आता आमची पोरंपण तिलाच पोसायची आहेत." ज्यांच्याबरोबर जन्मभर कोळशाची धूळ खाल्लीस त्यांनी तुझ्या शेजारचं टेबल सोडलं. कुणालाही झोंबेल. घरी येऊन तू म्हणालास, "त्याच धुरावर शिकलीस ना?" ती म्हणाली, "म्हणून धुराबद्दल गप्प बसू?" तू ताट सारलंस, वेधशाळेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास आणि महिन्याभरात बदली मागून घेतलीस. बायकोला इथं ठेवून. तुझी बायको बोलते कमी, भांडी आपटते जास्त. तिच्या मनात काय आहे ते मला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं.

आता खरी बातमी. तुमच्या जुन्या कारखान्याच्या कामगार क्लबात वादसभा ठरली आहे. फळ्यावर विषय लिहिलाय, "माणसामुळे पृथ्वीचं हवामान बदलतं का?" 'हो' म्हणायला आपली पोरगी. 'नाही' म्हणायला कोण, ते बसून वाच. साहेब. तुमचे बॉयलर इन्स्पेक्टर, रिटायर झाले तरी ज्यांच्यासमोर तू अजून सिगारेट पाठीमागे धरतोस ते.

मी तिला म्हटलं, "अगं, तो माणूस सगळं आयुष्य वाफेशी भांडलाय. तुला फुंकरीनं उडवेल."

"मग तू पहिल्या रांगेत बस," म्हणाली. "उडाले तर झेल."

मला विचारशील तर माणसाचा हात आभाळापर्यंत पोचला हे माझ्या गळी उतरत नाही. न्हाणीघरातली गळकी तोटी गेलं वर्षभर कुणाला दुरुस्त करता आलेली नाही. पण जाते. झेलायला कुणीतरी हवं.

तुझी आई


२९ ऑक्टोबर

चिरंजीव,

उत्तर नाही. हरकत नाही. भिंतीला लिहिते आहे असं समजून लिहिते. भिंत निदान सिगारेट ओढत नाही.

क्लबाचा हॉल खच्चून भरला होता. डावीकडे कारखान्यातले, निळ्या सदऱ्यांत, थेट शिफ्टवरून आलेले. उजवीकडे कॉलेजची पोरं, हातात पुठ्ठ्याचे फलक. मी मधल्या वाटेत खुर्ची टाकून बसले. दोन्हीकडच्यांना वाटलं, म्हातारी आपलीच.

आधी साहेब बोलले. छान बोलले, खोटं कशाला सांगू. "पृथ्वीवर बर्फ आलं, गेलं, पुन्हा आलं. तेव्हा कुणाच्या कारखान्याची चिमणी होती? वारा, समुद्र, सूर्य यांच्यापुढे आपण कोण? मुंगीनं हत्तीच्या पाठीवर बसायचं आणि म्हणायचं, हा माझ्यामुळे वाकला!" निळे सदरे हसले. मीही हसले.

मग पोरगी उठली. तुझ्यासारखाच डावा खांदा वर. माइक साहेबांच्या उंचीचा, तो खाली ओढताना असा किंचाळला की पुढच्यांनी कान झाकले.

"आधी माइकचं हवामान सुधार!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तेपण माणसानंच बिघडवलंय," ती म्हणाली. हशा तिच्याकडे वळला. मी जरा सैल होऊन बसले.

आणि पहिलंच वाक्य काय बोलावं? "साहेब म्हणाले ते खरं आहे." कॉलेजची पोरं चुळबुळायला लागली. "हवामान आपलं आपणही बदलतं," ती म्हणाली. "आधी कितीदा बदललंय. प्रश्न एवढाच आहे की या खेपेला कुणी बदललं." मी मनात म्हटलं, बरोबर. म्हातारी माणसं आपोआप मरतात, म्हणून जगात खून होतच नाहीत असं थोडंच आहे!

साहेबांनी तिथंच धरलं. "सूर्य तापला असेल. सूर्य नाही हे कशावरून?"

तुला ठाऊक आहे, साहेब प्रश्न विचारून चष्म्यावरून कसे बघतात ते. भले भले त्या नजरेत वितळले.

ती म्हणाली, "आम्ही वेधशाळेतून रोज एक फुगा सोडतो. त्याला डबी बांधलेली असते. वर जाता जाता ती सांगत जाते, इथली हवा एवढी गरम, इथली एवढी. फुगा ढगांच्याही खूप वर जातो आणि मग फुटतो. सूर्य जास्त तापला असता तर खालची हवाही तापली असती आणि वरचीही. पण खालची तापते आहे आणि खूप वरची गार होते आहे. वर्षानुवर्षं. जगभर."

"मग?" साहेब.

"मी लहान असताना बाबा मला बॉयलर बघायला घेऊन गेले होते. वाफेचा एक उघडा पाइप दाखवला, म्हणाले, लांब राहा, कातडी निघेल. मग पुढच्या पाइपावर माझा तळवा धरून टेकवला. मी किंचाळले. पण तो नुसता कोमट होता. त्याला जाड आवरण गुंडाळलेलं होतं, तुम्ही ज्याला लॅगिंग म्हणता ते. बाबा म्हणाले, आत तीच वाफ आहे बरं का. पांघरूण जाड असलं की ऊब आत अडते आणि बाहेर हात लावला तर गार. साहेब, कोळसा आणि तेल जाळून जो वायू निघतो त्यानं पृथ्वीचं पांघरूण जाड झालंय. म्हणून आत उकडतंय आणि बाहेर गार पडतंय. सूर्याचा दोष असता तर बाहेरही हात भाजला असता. हे उदाहरण जरा लंगडं आहे, हवा म्हणजे पाइप नव्हे. पण हे मला कुठल्या पुस्तकातून आधी कळलं नाही. बाबांकडून कळलं."

निळे सदरे खाली बघायला लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "वरची हवा गार होते, हे मी धरलं नव्हतं. सूर्याचा मुद्दा मी मागे घेतो." आणि मग बोट वर करून, "बाकीचे घेत नाही!"

भरल्या हॉलमध्ये एक पाऊल मागे घ्यायला छाती लागते. तुझा गुरू चांगला आहे रे. आता तो मुंगीचा मुद्दा त्यांनी मागे घेतला नाही, तर त्यावर मी रात्री विचार केला. एक मुंगी हत्तीला वाकवणार नाही, कबूल. पण मुंग्या किती झाल्यात, ते साहेबांनी कुठं बघितलं?

पुढचं ऐक. कॉलेजच्या एका पोरानं तावातावानं विचारलं, "गेल्या वर्षीचा पूर या चिमण्यांमुळेच आला ना?" आयतं ताट समोर आलं होतं. हो म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. ती म्हणाली, "मला माहीत नाही. तो एक पूर कुणाच्या नावावर टाकता येईल असं मी छातीठोक नाही सांगू शकत. असे पाऊस वाढत जातील, एवढं सांगू शकते." तिच्याच बाजूची पोरं तोंड पाडून बसली. एकानं तर फलक उलटा करून मांडीवर ठेवला.

आणि मग ती बाई उठली. तुमच्या कोळसा यार्डातल्या एकाची बायको, कडेवर पोर. म्हणाली, "चिमणी बंद झाली तर आमची चूल कशावर पेटायची? ते विचारलंस का तुझ्या फुग्याला?"

मी खुर्ची पुढे सरकवली, झेलायची वेळ आली म्हणून. मग पोरगी म्हणाली, "फुग्याला ते कळत नाही. पेपरवाल्याशी बोलताना मी दोन वेगळे प्रश्न एकात कालवले. हवा का तापते ते मोजून सांगता येतं. त्यावर काय करायचं ते मोजून सांगता येत नाही, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं असतं. तिथं मला नाही बोलावलं तरी चालेल, पण माझ्या वडिलांसारख्यांना बोलवा. भट्टी कुणाचं नुकसान न करता कशी विझवायची, हे ती जन्मभर पेटती ठेवणाऱ्याला विचारायचं. मला नाही."

टाळी एक नाही. बाई खाली बसली. तिला पटलं असं मी म्हणत नाही. पण बसली.

कोण जिंकलं म्हणशील, तर हात वर करायला लावलेच नाहीत. क्लबाच्या चावीवाल्याला जेवायला जायचं होतं.

परत येताना मी तिला म्हटलं, "बरी बोललीस." तेवढंच. पोरांना फार चढवू नये. तुला मात्र लिहिते. आपल्या घरात जिभेला धार सगळ्यांच्याच आहे, पण 'मला माहीत नाही' हे एवढ्या ताठ मानेनं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. कुणावर गेली देव जाणे. तुझ्यावर नाही. माझ्यावर तर नाहीच नाही.

आई


१२ नोव्हेंबर

चिरंजीव,

तुझं कार्ड मिळालं. आईला लिहिताना माणूस निदान 'कशी आहेस' एवढं खरडतो. तू लिहिलंस, "तिला सांग, उदाहरण चुकलं. लॅगिंगनं वाफ जास्त तापत नाही, फक्त लवकर थंड होत नाही. आग तीच असते." संपलं. सहीसुद्धा नाही. इन्स्पेक्टरच्या शेऱ्यात याहून जास्त माया असते.

मी ते तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. आणि जी हसत सुटली!

"आजी, बाबांनी वाचलं! नुसतं वाचलं नाही, चूक काढली!"

"चूक काढली म्हणून नाचतेस?"

"अगं, नुसता रागच असता तर त्यांनी पत्र फाडून टाकलं असतं. चूक काढायला विचार करावा लागतो. कितीतरी वेळ त्या पाइपाचा विचार करत बसले असणार!"

तुझ्या बायकोनं त्या संध्याकाळी एकही भांडं आपटलं नाही. स्वयंपाकघर एवढं चिडीचूप, की मी दोनदा डोकावून आले.

आता तिचं उत्तर. ती म्हणते, बाबांचं बरोबर आहे, पाइपात वाफ येते ती ठरावीकच तापलेली. उदाहरण पाइपाचं नको होतं, बॉयलरचं हवं होतं. बाबांना विचार, आग तेवढीच ठेवली आणि बाहेर जाणारी वाफ जरा आवळली, तर दाबाचा काटा कुठं जातो?

विचारलं. ही माझी शेवटची हमाली. मी तुम्हा दोघांची टपालपेटी नाही. तुमची वाफ, तुमचे काटे, तुम्ही बघून घ्या.

तिचं सामान भरून झालंय. रोज भरते आणि रोज उपसते. विचारलं तर म्हणते, वजन बघते आहे. एकाच बॅगेचं वजन किती बदलणार? परवा विचारत होती, "आजी, दीड वर्ष म्हणजे फार नाही ना?" मी म्हटलं, माझ्या वयाला फार आहे, तुझ्या नाही. त्यावर नेहमी उलट बोलणारी पोरगी उठून मोजे मोजायला लागली.

तारीख तुला ठाऊक आहे. गाड्या तिकडून इकडेही येतात, असं ऐकून आहे.

आई


४ डिसेंबर

भिंगरे,

हे पत्र तुला. शेवटच्या बंदरात जहाज टपाल घेतं म्हणालीस, तिथं पोचेल. त्यानंतर तुझ्या त्या बर्फात पोस्टमन येत नाही, तेव्हा मन लावून वाच.

तुझा बाप तू निघायच्या दोन दिवस आधी आला, ते तू बघितलंस. तू त्याला वेधशाळेत नेलंस, फुगा दाखवलास, काटे दाखवलेस. दोन दिवस तुम्ही वाफ आणि हवा यांशिवाय दुसरा शब्द बोलला नाहीत. धक्क्यावर त्यानं तुला जवळ घेतलं नाही, हेही तू बघितलंस. "पट्टा सैल आहे" म्हणून तुझ्या बॅगेचा पट्टा आवळून दिला, आणि शिडीवरून तू वळून पाहिलंस तेव्हा तो एका क्रेनकडे बघत उभा. तुला वाटलं असणार, आला पण आलाच नाही. तुझं तोंड मला खालून दिसत होतं. म्हणून पुढचं लिहिते, ते तू बघितलं नाहीस.

परत येताना बस भरलेली. आम्ही तिघं मागच्या बाकावर, तुझा बाप खिडकीशी. पुढच्या बाकावर टाय लावलेला एक माणूस, पाण्याचे पंप विकणारा. तो पंप विकतो हे चढल्याबरोबर साऱ्या बसला कळलं होतं. कुणीतरी म्हणालं, डिसेंबरात काय हे उकडतंय! झालं, पंपवाल्याला संधी मिळाली.

"हे वेधशाळेवाले तापवतात," म्हणाला. "पगार चालू राहायला हवा ना! जुनं यंत्र काढायचं, नवं बसवायचं, की आकडा वर. मग ओरडायला मोकळे, तापलं, तापलं!"

बस हसली. भिंगरे, मार्च महिन्यात आपल्या टेबलावर तुझ्या बापानं हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तुझ्या आईनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, तो ऐकून घेईल. फार तर मान हलवेल.

तो वळला. "नवं यंत्र बसवलं की जुनं लगेच काढत नाहीत," म्हणाला. "दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. वर्षभर तरी. दोघांत फरक किती पडतो ते बघतात, तो धरतात, आणि मग जुन्याला सुट्टी देतात. परवाच मी डोळ्यांनी बघून आलोय. आम्हीही बॉयलरचा काटा दुसऱ्या काट्याशेजारी लावूनच तपासतो."

"तुम्ही त्यांच्यातले का?"

"मी कोळशावरचा. बॉयलर चालवतो."

"अहो, मग ते तर तुमच्याच पोटावर पाय देतायत!"

"देत असतील," तुझा बाप म्हणाला. "पण खोटं बोलून देत नाहीत. माझी मुलगी आहे त्यांच्यात. चुकते ती. उदाहरणं तर एकेक अशी देते की शिकाऊ पोरगासुद्धा हसेल. पण चुकलं की आधी स्वतः सांगते, भरल्या सभेत, माणसं तिच्यावर टपून बसलेली असताना. तुमचा पंप गळका निघाला तर तुम्ही सांगता का गिऱ्हाइकाला?"

आता बस दुसऱ्या बाजूनं हसली. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून बघितलं. पण विकणाऱ्याची जात चिवट. म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पटलंय तर? माणसामुळेच हवा तापते?"

त्यावर तुझ्या बापानं हनुवटी चोळली. मी जन्म दिलाय त्याला, मला कळतं कधी तो उत्तर टाळतोय आणि कधी शोधतोय. शोधत होता.

"निम्मं," म्हणाला. "वरची हवा गार का होते ते पटलं. आग तेवढीच ठेवून वाफ आवळली तर काटा चढतो, ते काय, मी रोज बघतो. पण समुद्र केवढा आहे! तो यातली किती ऊब गिळतो, कधी परत ओकतो, त्याचं काय? ते तिनं सुरू केलं होतं धक्क्यावर. मधेच भोंगा वाजला."

"मग उरलेलं निम्मं?"

"ती परत आली की," म्हणाला, आणि तोंड खिडकीकडे केलं. ते घर येईपर्यंत इकडे वळवलं नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणे, वारा लागतोय डोळ्यांना. खिडकी बंद होती.

काल सकाळी तो साहेबांकडे जाऊन आला. वाटलं, रडगाणं गाणार. कसलं काय, समुद्रावरचं जाडजूड पुस्तक मागून आणलंय. आज निघायच्या आधी जेवताना एक हात घासावर आणि एक पुस्तकावर. तुझी आई म्हणाली, "आधी जेवा." तर म्हणे, "ही तिकडे दीड वर्ष तयारी करणार, मी काय रिकामा बसू?" तुझी आई पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ आली नाही.

तेव्हा त्या बर्फावरून धडधाकट परत ये. कानटोपी काढू नकोस, जेवण चुकवू नकोस, कड्याच्या टोकाला उभी राहून शहाणपणा करू नकोस. तू आली नाहीस तर तो ते उरलेलं निम्मं माझ्याशी भांडेल, आणि मला अजून तुमची ती वरची हवाच नीट कळलेली नाही.

आजी